मुंगीची फाईल

सूतगिरणीतल्या छावणीत मुलं मला फॉर्मबाई म्हणायची. माझं खरं पद लांबलचक होतं, दारावरच्या पाटीवर एका ओळीत मावायचं नाही; पण मुलांनी पहिल्याच आठवड्यात त्याचा निकाल लावला. हातात कायम फॉर्म, कानावर पेन्सिल, म्हणून फॉर्मबाई. निवृत्त होऊन मला आता सहा वर्षं झाली. भररस्त्यात त्या नावाने कोणी हाक मारली, तर मी अजूनही वळून बघेन.

नदीपलीकडे लढाई सुरू झाली तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. पुलावरून माणसं येऊ लागली आणि सरकारने गावाबाहेरची बंद पडलेली सूतगिरणी उघडून दिली. यंत्रं केव्हाच विकली गेली होती. ती जिथे बसवली होती तिथे फरशीतून लोखंडी बोल्ट तेवढे वर डोकावत होते. मी रुजू झाल्यावर पहिलं काम केलं ते एका वेल्डरला बोलावून सगळे बोल्ट कापून घेण्याचं. मुलं धावतात, ठेचकाळतात. बालसंरक्षण म्हटलं की लोकांना काहीतरी भारी वाटतं; आमच्याकडे त्याची सुरुवात अशी झाली. मग संडासांना आतून कड्या, पाण्याच्या रांगेत मुलांसाठी वेगळा नळ, आणि एक नियम: एकट्या मुलाला कोणीही, कितीही ओळखीचं असलं तरी, आमच्या नोंदीशिवाय फाटकाबाहेर न्यायचं नाही.

माझ्या हाताखाली सात जण होते. त्यातले दोघं आजही डोळ्यासमोर येतात. एक म्हणजे मामा. मामा गाडी चालवायचे, पण गाडीपेक्षा त्यांचं तोंड जास्त चालायचं, आणि छावणीत काय शिजतंय हे त्यांना माझ्याआधी कळायचं. दुसरी नवी. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी, तिचं नाव सांगायच्या आधीच कोणीतरी "ती नवी कुठे गेली?" म्हणालं, आणि पुढची तीन वर्षं ती नवीच राहिली.

माझा स्वतःचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. नवरा जहाजावर, मी छावणीत, म्हणून मुलगा माझ्या नणंदेकडे. दर रविवारी मी फोन करायची. तो "बरा आहे, जेवलो" एवढं म्हणायचा आणि घाईघाईने फोन आत्याकडे द्यायचा. नणंद हसून म्हणायची, "वहिनी, मनावर घेऊ नका, खेळायची घाई असते त्याला." मी मनावर घ्यायची नाही, निदान फोन ठेवेपर्यंत तरी.

मुंगी आली ती तिसऱ्या आठवड्यात. एका ट्रकमधून चाळीसेक माणसं उतरली आणि नोंदणीच्या टेबलासमोर रांग लागली. एकेक कुटुंब नावं सांगून पुढे सरकत गेलं, आणि शेवटी टेबलासमोर उरली चारेक वर्षांची एक मुलगी. एकटीच. पुढच्यांना वाटलं होतं मागच्यांची, मागच्यांना वाटलं होतं पुढच्यांची. ट्रकमध्ये तिला कोणी चढवलं, हे एकालाही सांगता येईना.

मी तिला नाव विचारलं. गप्प. आईचं नाव? गप्प. त्या लोकांची भाषा म्हणजे आमच्या भाषेची सख्खी बहीणच, त्यामुळे कळत नसेल असंही नव्हतं. फॉर्मवर मी लिहिलं: नाव माहीत नाही, वय अंदाजे चार, बोलत नाही. मग फोटो. नवीने कॅमेरा धरला की ही डोळे घट्ट मिटून घ्यायची. तीन फोटो काढले, तिन्ही मिटलेल्या डोळ्यांचे. शेवटी त्यातलाच एक फॉर्मला टाचला आणि एकट्या सापडलेल्या मुलांच्या यादीत सगळ्या छावण्यांना पाठवला.

अशा मुलांना आम्ही छावणीतल्याच एखाद्या कुटुंबात ठेवायचो. मुंगीला ठेवलं शिंपिणीकडे. शिंपीण पन्नाशीची, तीही नदीपलीकडूनच आलेली. लोकांनी भांडी आणली, गाद्या आणल्या. हिने गोधडीत गुंडाळून शिलाई मशीन आणलं होतं. नवऱ्याला कमी ऐकू यायचं, तो दिवसभर तिच्याजवळ बसून कापड कापायचा. त्यांची मुलं मोठी, लग्नं होऊन दूरदेशी गेलेली. मुलगी नुसती शिंपिणीच्या झग्याचं टोक धरून तिच्या मागे मागे चालायची, ती थांबली की थांबायची. "मुंगी आहे ही," शिंपीण म्हणाली, आणि तेच नाव पडलं.

ते दिवस कष्टाचे होते, तरी आज आठवतात ते वेगळेच. दुपारी मोठ्या हॉलमध्ये उंच खिडक्यांमधून उन्हाचे लांबट चौकोन पडायचे आणि मुलं एका चौकोनातून दुसऱ्यात उड्या मारायची. शिंपिणीच्या मशीनचा आवाज सगळ्या हॉलभर घुमायचा. आमचं ऑफिस म्हणजे गिरणीची जुनी हजेरीची खोली. तिथे चहा व्हायचा आणि कप कमी म्हणून मामा दूध पावडरच्या डब्याच्या झाकणात प्यायचे. पाण्याच्या इंजिनिअरशी माझं रोज भांडण व्हायचं, आणि भांडून झालं की तोच माझ्या टेबलावरची बिस्किटं संपवायचा. त्या वेळी मी घरी जायचे दिवस मोजत होते. आता बसल्या बसल्या तिथे जाऊन येते.

दर आठवड्याला मी मुंगीची भेट घ्यायची. दोन महिन्यांनी शिंपीण हसत सामोरी आली. "बोलली! बाई, बोलली!"

"काय म्हणाली?"

"आई म्हणाली मला."

मी फाईलमध्ये लिहिलं: पहिला शब्द, आई. मग तिला म्हटलं, "तुम्ही तिला मावशी म्हणायला शिकवा. उद्या तिची आई सापडली तर?"

"मी कुठे शिकवलं, बाई? हाक तिची तिने निवडली."



वर्षभराने एक प्रकार घडला, तो सांगायलाच हवा. एक माणूस दोन भावांचा काका म्हणून आला. कागद चोख, शिक्के जागच्या जागी, डोळ्यांत पाणी. मी सही केली. तासाभराने मामा धापा टाकत आले. "बाई, तो काका पोरांना नावाने हाकच मारत नाही. 'ए, चल' म्हणतोय." मामांनी गाडी पुलावर आडवी घातली म्हणून मुलं परत मिळाली. तो माणूस खाणीत मुलं पुरवायचा. त्या दिवसापासून डोळ्यांतल्या पाण्यावरचा माझा विश्वास उडाला.

यानंतर दोनच महिन्यांत मुंगीची आई म्हणून एक बाई आली.

ती तीन दिवसांच्या अंतरावरच्या छावणीतून आली होती. मधला पूल पडल्यामुळे आमची यादी तिथे पोचायलाच वर्ष गेलं होतं. लढाईआधी ती पोस्टात पत्रं वेगळी करायची. कागद एकही नाही, सात दिवसांच्या परवान्याची चिठ्ठी तेवढी. ती रडली नाही. खुर्चीत ताठ बसून म्हणाली, "तुमच्या यादीत एका मुलीचे डोळे मिटलेले आहेत. माझी मुलगी फोटो काढताना डोळे मिटते. आमच्या घरात तिचा एकही फोटो उघड्या डोळ्यांचा नव्हता."

"फोटो बघून हे कोणीही सांगू शकतं," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "तुम्ही विचारा काय विचारायचं ते."

आम्ही शिंपिणीला आणि मुंगीला बोलावलं. मुंगी दारातून आत आली, त्या बाईकडे तिने एकदा पाहिलं आणि "आई!" असं किंचाळून शिंपिणीच्या झग्यात तोंड खुपसलं. ती बाई उठून उभी राहिली होती. तिने हात पुढे केले नाहीत. बराच वेळ बघत राहिली, मग शिंपिणीला म्हणाली, "केस छान वाढलेत तिचे."

मुंगीला कडेवर घेऊन शिंपीण निघून गेली.

आमची पद्धत अशी की दोन्ही बाजूंना वेगवेगळं विचारायचं आणि जुळतं का पाहायचं. त्या बाईने पुष्कळ सांगितलं: मुलीचं खरं नाव, घराचा जिना, शेजारचं कुत्रं, मुलीला आलेला गोवर. पण यातलं तपासणार कसं? मुंगी तर स्वतःचं नाव मुंगीच सांगायची. गर्दीत हात सुटला, मागून रेटा आला, एवढंच तिला त्या दिवसाचं सांगता येत होतं. एकच गोष्ट पडताळून पाहण्यासारखी होती. "तिचे बाबा रेल्वेत गार्ड होते," ती म्हणाली. "कोटाला पितळी बटणं होती. ती बटणाला चांद म्हणायची. कुठलंही बटण असो, चांदच."

दुसऱ्या दिवशी मी शिंपिणीकडे गेले. बटणाचं नाव न काढता विचारलं, "मुंगी एखाद्या वस्तूला भलतंच नाव देते का हो?"

शिंपीण मशीनवर वाकलेली होती. मान वर न करता म्हणाली, "नाही. चार मुलांसारखीच बोलते."

मी फाईलमध्ये लिहिलं: जुळत नाही. नवी माझ्या खांद्यावरून वाचत होती. "मॅडम, पण ती बाई खोटं बोलतेय असं वाटत नाही."

"तो काकासुद्धा वाटत नव्हता," मी फटकारलं. नवीचा चेहरा उतरला. खरं सांगायचं तर माझ्या मनातही खुटखुट होती. पण मुंगी ज्या जोराने शिंपिणीला बिलगली, ते बघून मी आतून कुठेतरी ठरवून टाकलं होतं. आईला ओळखत नाही असं कसं होईल, हा प्रश्न मी तिच्यासाठी विचारत होते की माझ्यासाठी, कोण जाणे.

बाईचा परवाना गुरुवारी संपत होता. बुधवारी दुपारी, मुलं पडून असतात त्या वेळेला, शिंपीण ऑफिसात आली. बाहीला दोरे चिकटलेले. मी बसा म्हणायच्या आधीच बसली.

"बटणाला ती चांद म्हणते," शिंपीण म्हणाली.

मी पेन खाली ठेवलं. बटणाबद्दल मी तिला काही बोललेच नव्हते.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. बाई, तिचा पहिला शब्द आई नव्हता. मी बटणांचा डबा उघडला होता, तेव्हा हात पुढे करून म्हणाली, चांद दे. तुम्हाला मी आई सांगितलं. आई ती पुढे महिन्याने म्हणाली."

"मग परवा विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"का ते तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. मी विचारलं, "आणि आज का सांगताय?"

शिंपीण बाहीवरचे दोरे वेचू लागली. "काल ती बाई हॉलच्या दाराशी उभी होती. आत येत नव्हती. मुंगी दोरीच्या उड्या मारताना पडली, गुडघा फुटला. मी उठले. तीही धावली, माझ्यापेक्षा जवळ होती. आणि अर्ध्यात थांबली. मला जाऊ दिलं." तिने दोऱ्यांची छोटी गोळी केली. "पोर चोरायला आलेली बाई थांबत नसते. आईच थांबते."

मग रडली ती शिंपीण. मी टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी जाऊन बसले. रागवावं असं मनातही आलं नाही. चूक माझीही होती. वर्षभर दर आठवड्याला भेटून मी मुंगीला एकदाही बटणांशी खेळताना पाहिलं नव्हतं, आणि मला ऐकायचं होतं ते उत्तर मिळाल्यावर मी दुसरीकडे विचारलंही नव्हतं. त्यानंतर नवीला मुलांच्या खेळात पाठवलं. मुंगीने तिच्या सदऱ्याची बटणं स्वतःहून मोजून दाखवली: एक चांद, दोन चांद.

मी छावणीप्रमुखांकडे गेले. ते नेटका कारभार आवडणारे गृहस्थ होते. "छान," ते म्हणाले. "पटलं ना तुम्हाला? मग उद्याच्या ट्रकने मायलेकी जाऊ देत."

"उद्या नाही. तीन आठवडे हवेत. बाईला इथेच राहू द्या, शिंपिणीच्या शेजारच्या खाटेवर."

"आई आहे ना ती?"

"आहे. पण मुलीच्या लेखी अजून ती परकी बाई आहे. आज तिला ओढून ट्रकमध्ये घातलं, तर ती दुसऱ्यांदा हरवेल."

"असा नियम आहे का?"

"आहे. आमच्या नियमावलीत, पान आठवर."

त्यांनी मान हलवून परवाना वाढवला. आमच्या नियमावलीला सातच पानं होती. आठवं मी खोलीत परतल्यावर लिहिलं, आणि नवीने ते टाइप केलं. टाइप करताना ती गालातल्या गालात हसत होती.

ते तीन आठवडे मी रोज हॉलमध्ये चक्कर मारायची. पहिले काही दिवस मुंगी त्या बाईकडे पाठ करून बसायची. बाईने तिला एकदाही जवळ बोलावलं नाही. ती शिंपिणीला हातभार लावू लागली. काज करायला शिंपिणीनेच तिला शिकवलं. "पोस्टातले हात," शिंपीण माझ्याकडे बघून म्हणायची, "टाका घालतेय की शिक्का मारतेय, कळत नाही." आणि दोघीही हसायच्या. हसणारी आई मुंगीने तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली असावी.

दहाव्या दिवशी मी दारात उभी होते. मुंगीच्या बुटाची नाडी सुटली होती. ती शिंपिणीकडे गेली. शिंपीण मांडीवर कापडाचा ढीग घेऊन बसलेली. "माझे हात अडकलेत गं," ती म्हणाली. "तिच्याकडून बांधून घे." मुंगी घुटमळली, मग त्या बाईपुढे जाऊन तिने पाय पुढे केला. बाईने नाडी बांधली, फार सावकाश. मी उभी होते तिथून मला कापडाखाली शिंपिणीचे हात दिसत होते. रिकामेच होते ते. एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते.

तिथून पुढे बर्फ वितळत गेला. आधी नाडी, मग वेणी, मग एका दुपारी झोपताना मुंगीने दोन्ही खाटा जवळ ओढायला लावल्या. हाकेची वाटणीही तिने स्वतःच केली: एक आई आणि एक शिवणआई.

जायच्या दिवशी आई शिंपिणीला म्हणाली, "तुम्ही दोघं चला आमच्याबरोबर."

"इथे पत्ता दिलाय मुलांना," शिंपीण म्हणाली. "ती शोधत आली तर आम्ही कुठे सापडायचं?"

ती फाटकापर्यंत आली नाही. मामांनी मायलेकींना पुढच्या सीटवर बसवलं. मुंगी खिडकीतून वाकून बघत होती. आतून मशीनचा आवाज येत होता, म्हणून मी तिला म्हटलं, "शिवणआईला काम आहे हं खूप." गाडी वळणाआड गेली आणि मी हॉलमध्ये आले. शिंपी मशीनवर हात ठेवून बसला होता. नीट ऐकू येत नसलं तरी मशीन चालतंय हे त्याला हाताला कळायचं. शिंपीण पाय मारतच होती. "सुईत दोरा नाहीये," तो मला हळूच म्हणाला. "पण चालू दे तिला."

मी फाईलवर लिहिलं: आईच्या ताब्यात. फाईल बंद. खाली सही, तारीख.

दोन वर्षांनी छावणी आवरती घेतली, त्या आधी मी एकदा लांब रजेवर घरी गेले. मुलगा आत्याच्या मागे जाऊन उभा राहिला. पूर्वीची मी असते तर त्याला ओढून कुशीत घेतलं असतं. या वेळी नणंदेला म्हटलं, "वन्सं, आज कोशिंबीर मी चिरते, तुम्ही बसा." आठव्या दिवशी तो गणिताची वही घेऊन माझ्याकडे आला, कारण आत्याला "अचानक" चष्मा सापडत नव्हता. चष्मा तिच्या पदराखाली होता. तिला मी यातलं काही सांगितलेलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं.

नवी आता मोठी साहेब झालीय. कुठल्या तरी दुसऱ्या नदीकाठी दुसरी छावणी चालवते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "ताई, कामावर नव्याने आलेल्या मुलांसमोर दोन शब्द बोला ना." मी विचारलं, "काय बोलू?" तर म्हणाली, "पान आठबद्दल बोला. आम्ही ते अजून वापरतो." मामा तीन वर्षांपूर्वी गेले, हेही तिनेच सांगितलं. 

त्या छावणीचं मला सगळ्यात जास्त काय आठवतं, ते मी त्या मुलांना सांगितलं नाही. ती पत्रं आठवतात. मुंगीची आई पोस्टातली, तेव्हा पत्रं अगदी वेळेवर यायची. शिंपिणीला वाचता यायचं नाही, म्हणून दुपारी माझ्या खोलीत यायची आणि मी वाचून दाखवायची. पत्रांतही नाव मुंगीच असायचं: मुंगी शाळेत जाते, मुंगीचा दात पडला, मुंगी आता खिडकीच्या चौकटीला पोचते. शिंपीण तेवढीच ओळ पुन्हा वाचायला लावायची. "खिडकी म्हणजे केवढी खिडकी, ते नाही लिहिलं का?" ती विचारायची. मग उठून हवेत हात धरायची, थोडा वर, थोडा खाली, डोळे बारीक करून, आणि त्या मापाचा झगा शिवून मला पाठवायला द्यायची. पुढच्या पत्रात यायचं की झगा अगदी अंगाबरोबर बसला. खरंच बसायचा की ती बाई शिंपिणीचं मन राखायची, मला कधीच कळलं नाही. शिंपीण मात्र वाचून झालं की मान डोलवायची आणि म्हणायची, "बसणारच. आता पुढच्या वेळी दोन बोटं वाढवू."